वाचकांचे प्रश्न : सेफ्ट्रायाक्झोनचे इंजेक्शन घेताना

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एका इंजेक्शनचे नाव हमखास असते, ते म्हणजे सेफ्ट्रायाक्झोन. न्यूमोनिया, टायफॉइड, मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, मेंदूज्वर अशा आजारांत हे औषध जीव वाचवते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सहा ते नऊ तास लागतात, त्यामुळे बहुतेक आजारांत दिवसातून एकदा दिले तरी पुरते. याच सोयीमुळे ते मोठ्या रुग्णालयातून गल्लीतल्या दवाखान्यात आणि तिथून घरच्या पलंगापर्यंत पोहोचले. औषध तसे सुरक्षित आहे. घोटाळा होतो तो ते कशात कालवले, कोणत्या नळीतून दिले आणि देण्याआधी काय विचारायचे राहून गेले, यात. या वेळची उत्तरे संसर्गरोगांचे डॉक्टर, रुग्णालयातील औषधनिर्माते आणि परिचारिका यांनी मिळून लिहिली आहेत.

वडील ७२ वर्षांचे आहेत. न्यूमोनियासाठी दाखल होते, ताप उतरल्यावर घरी सोडले. सेफ्ट्रायाक्झोन १ ग्रॅम आणखी चार दिवस शिरेतून द्यायचे आहे. हाताला इंट्राकॅथ (शिरेतली बारीक नळी) तसाच ठेवला आहे आणि रोज सकाळी सिस्टर घरी येणार आहेत. आम्ही घरच्यांनी काय पाहायचे? (वाचक, धायरी)

पहिला डोस रुग्णालयात झाला आहे आणि त्या वेळी काही त्रास झाला नाही, म्हणून पुढचे डोस घरी देता येतील. पहिलाच डोस घरी द्यायचा असता तर आम्ही नको म्हटले असते.

सिस्टर आल्या की आधी बाटलीवरचे लेबल आणि डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी धरून वाचा. बाजारात नुसते सेफ्ट्रायाक्झोन मिळते, तसेच त्यात सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम मिसळलेलेही मिळते. १.५ ग्रॅम लिहिलेल्या बाटलीत बहुधा सेफ्ट्रायाक्झोन १ ग्रॅम आणि सल्बॅक्टम अर्धा ग्रॅम असते. म्हणजे ‘दीड ग्रॅम’ हा सेफ्ट्रायाक्झोनचा जास्त डोस नव्हे, ते औषधच वेगळे आहे. चिठ्ठीत जे लिहिले तेच हवे. सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम, सेफोपेराझोन ही नावेही घाईत एकसारखी वाटतात, म्हणून पूर्ण नाव मोठ्याने वाचा. सिस्टरना त्याचा राग येणार नाही. चांगल्या सिस्टर स्वतःच तसे वाचून दाखवतात.

शिरेतून देण्यासाठी १ ग्रॅमची पूड १० मि.ली. निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. पाण्याची कुपी बहुधा खोक्यातच येते. बाटली हलवल्यावर द्रावण पूर्ण स्वच्छ दिसायला हवे. तळाशी कण किंवा तरंगणारा धागा दिसला तर ती बाटली बाजूला ठेवायची. इंट्राकॅथचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने चांगले पंधरा सेकंद चोळायचे आणि वाळू द्यायचे. ओले असतानाच सिरिंज लावली तर पुसल्याचा उपयोग होत नाही. मग ५ मि.ली. साधे सलाईन हळू सोडून लाइन चालू आहे ना ते पाहायचे. या वेळी दुखले, हात फुगला किंवा जोर लावावा लागला, तर त्या लाइनमधून औषध द्यायचे नाही. सुई शिरेबाहेर गेलेली असते आणि औषध मांसात उतरून हात सुजतो.

औषध निदान तीन ते पाच मिनिटे घेऊन सोडायचे. घड्याळ समोर ठेवा. घाईने ढकलले तर छातीत धडधड, मळमळ आणि शिरेची जळजळ होते, आणि शीर लवकर खराब होते. शेवटी पुन्हा ५ ते १० मि.ली. सलाईनने लाइन धुवायची.

सिस्टरनी त्यानंतर निदान अर्धा तास थांबावे. त्यांच्या पिशवीत, अचानक येणाऱ्या जोरदार प्रतिक्रियेवर द्यायची अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी आणि सिरिंज आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर रोज जवळच्या रुग्णालयात नेऊन इंजेक्शन घेणे बरे. रिक्षाचा त्रास होईल, पण ही सवलत देण्यासारखी नाही.

इंट्राकॅथची जागा रोज पाहा. शिरेच्या रेषेत लाली, कडकपणा, दुखणे किंवा पू दिसला तर तो त्याच दिवशी काढायला हवा. वडिलांच्या वयात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. अचानक असंबद्ध बोलणे, हातापायांना झटके किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली, तर वयाच्या माथी मारून मोकळे होऊ नका. मूत्रपिंड खूप कमजोर असेल तर हे औषध साठून मेंदूवर असा परिणाम होऊ शकतो. नुसते मूत्रपिंड थोडे कमजोर असेल तर डोस सहसा बदलावा लागत नाही, कारण औषधाचा मोठा वाटा पित्तावाटे बाहेर जातो. पण मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही बिघडलेली असतील, तर डॉक्टरांना ते आधी माहीत असायलाच हवे.

आईला ‘आरएल’ची बाटली चालू होती. त्याच नळीतून सेफ्ट्रायाक्झोन द्यायला सिस्टरनी नकार दिला आणि तासभर उशीर झाला. एवढे कडक असण्याची गरज होती का? (वाचक, चिंचवड)

होती. त्या सिस्टरनी बरोबर केले.

आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. त्यात कॅल्शियम असते. सेफ्ट्रायाक्झोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारे बारीक कण तयार होतात. ते बाटलीत झाले तर निदान डोळ्यांना दिसतात. नळीत किंवा शिरेत झाले तर दिसतही नाहीत. नवजात बाळांमध्ये असे कण फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत अडकून मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये इशारा दिला आणि २००९ मध्ये तो सुधारून अधिक नेमका केला.

नियम असा. सेफ्ट्रायाक्झोन आरएलमध्ये कधीच कालवायचे नाही. आरएल चालू असताना त्याच नळीच्या दुसऱ्या तोंडातूनही सोडायचे नाही. २८ दिवसांपेक्षा मोठ्या रुग्णाला दोन्ही एकामागून एक देता येतात, पण आरएल थांबवून, नळी साध्या सलाईनने पूर्ण धुऊन, आणि मग. कालवण्यासाठी ०.९ टक्के सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज चालते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन आणि शिरेतून दिले जाणारे कॅल्शियमयुक्त पोषणद्रव यांनाही हाच नियम आहे. व्हॅन्कोमायसिन, फ्लुकोनाझोल, जेन्टामायसिन आणि अमिकासिन हीसुद्धा याच सिरिंजमध्ये किंवा बाटलीत मिसळायची नाहीत.

२८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियमयुक्त द्रव शिरेतून लागत असेल किंवा लागण्याची शक्यता असेल, तर सेफ्ट्रायाक्झोन देतच नाहीत. कावीळ झालेल्या, विशेषतः दिवस न भरता जन्मलेल्या बाळालाही नाही. हे औषध रक्तातल्या प्रथिनावर बसलेल्या बिलिरुबिनला (काविळीतल्या पिवळ्या द्रव्याला) हुसकावून लावते, आणि मोकळे झालेले बिलिरुबिन मेंदूत उतरू शकते. अशा बाळांसाठी डॉक्टर बहुधा सेफोटॅक्झिमसारखा दुसरा पर्याय निवडतात.

याच संदर्भात एक काळजी अनेकजण विनाकारण करतात. तोंडाने घेतलेली कॅल्शियमची गोळी, दूध, दही किंवा नाचणी यांचा या इंजेक्शनशी असा काही संबंध येत नाही. तुमच्या आईंना दूध देणे बंद केले असेल तर पुन्हा सुरू करा.

लहानपणी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या असे आई सांगते. आता डॉक्टर म्हणतात, टेस्ट डोस देऊन पाहू. टेस्ट निगेटिव्ह आली की धोका संपला ना? (वाचक, हडपसर)

संपला असे नाही.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या शंभरांतल्या दहा जणांना सेफॅलोस्पोरिनही (सेफ्ट्रायाक्झोन याच गटातले) सोसत नाही, असा जुन्या पुस्तकांत आकडा आहे. सुरुवातीच्या काळातल्या सेफॅलोस्पोरिन औषधांत पेनिसिलिनचा अंश राहत असे, तेही त्यामागचे एक कारण. सेफ्ट्रायाक्झोनच्या बाबतीत आज हे प्रमाण शंभरात एक-दोन किंवा त्याहून कमी मानतात. अ‍ॅलर्जी बरेचदा औषधाच्या रेणूच्या बाजूच्या साखळीला असते, आणि सेफ्ट्रायाक्झोनची साखळी पेनिसिलिनपेक्षा वेगळी आहे. सेफोटॅक्झिम आणि सेफेपिमची मात्र तिच्याशी जुळते. म्हणजे ज्यांना सेफोटॅक्झिमने त्रास झाला त्यांनी सेफ्ट्रायाक्झोनपासून जास्त जपायचे.

म्हणून डॉक्टरांना ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढेच सांगून थांबू नका. इंजेक्शननंतर किती वेळाने काय झाले ते सांगा. तासाभरात गांधी, ओठ-चेहरा सुजणे, घरघर, चक्कर येऊन पडणे, हे एका प्रकारचे. आठवड्याने आलेले साधे पुरळ दुसऱ्या प्रकारचे. कातडीला फोड येऊन ती सोलवटली, तोंडात-डोळ्यांत व्रण झाले असतील, तर तो तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रकार. त्यात त्या गटातले औषध परत देत नाहीत. नुसती मळमळ किंवा जुलाब झाले असतील तर ती अ‍ॅलर्जीच नव्हे.

टेस्ट डोसमध्ये साधारण ०.१ मि.ली. औषध कातडीत टोचून पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटा पाहतात. आपल्याकडे ही पद्धत रुळली आहे. पण औषध पुरेसे पातळ केले नसेल तर अ‍ॅलर्जी नसतानाही कातडी लाल होते, आणि चांगले औषध उगाच नाकारले जाते. उलट टेस्ट कोरी येऊनही पूर्ण डोसला जोरदार प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे आहेत. टेस्टचा तो थेंबही क्वचित प्रतिक्रिया आणू शकतो. त्यामुळे नीट विचारलेली माहिती आणि हाताशी तयार ठेवलेले अ‍ॅड्रेनॅलिन यांची जागा टेस्ट डोस घेऊ शकत नाही.

प्रतिक्रिया आलीच तर काय करायचे ते देणाऱ्याला पाठ हवे. औषध लगेच थांबवायचे. १ मि.ली.मध्ये १ मि.ग्रॅ. असलेले अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचे. मोठ्या माणसाला आणि १२ वर्षांवरील मुलाला ०.५ मि.ली., ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३ मि.ली., त्याहून लहान मुलाला ०.१५ मि.ली. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करायचे. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये. पाच मिनिटांत फरक नसेल तर तोच डोस पुन्हा द्यायचा, आणि १०८ ला फोन त्याआधीच झालेला असावा. आधी एव्हिल (खाजेवरचे औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) देऊन ‘बघू’ म्हणत थांबणे ही सर्रास दिसणारी आणि सर्वांत घातक चूक आहे. ती औषधे नंतरची. घसा सुजत असताना आणि रक्तदाब पडत असताना पहिल्या मिनिटांत उपयोगी पडते ते अ‍ॅड्रेनॅलिनच.

कमरेत घेतलेले हे इंजेक्शन फार दुखते. भूल मिसळून देतात ते योग्य का? (वाचक, सदाशिव पेठ)

योग्य. १ ग्रॅमची पूड १ टक्का लिग्नोकेनच्या साडेतीन मि.ली.मध्ये विरघळवून स्नायूत खोलवर देतात. दवाखान्यात बहुधा २ टक्क्यांची बाटली असते, तेव्हा ती निर्जंतुक पाण्याने निम्मी पातळ करावी लागते. एका जागी १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. २ ग्रॅम द्यायचे तर दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे.

एक गोष्ट कधीही होता कामा नये. लिग्नोकेन मिसळलेले औषध शिरेत जाता कामा नये, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. म्हणून स्नायूसाठी तयार केलेल्या सिरिंजवर लगेच चिठ्ठी चिकटवावी. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी आहे का, हेही विचारावे.

डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर कमरेत इंजेक्शन घेऊ नये. आत रक्त साकळते. शिवाय नुसत्या डेंग्यूवर या औषधाचा काडीचा उपयोग नाही. डेंग्यू विषाणूचा आहे.

मुलगी सहा वर्षांची, वजन १८ किलो. टायफॉइडसाठी दाखल केले आहे. सेफ्ट्रायाक्झोनचे चार दिवस झाले तरी ताप येतो आहे. औषध बदला म्हणावे का? (वाचक, वारजे)

चौथ्या दिवशी ताप असणे हे टायफॉइडमध्ये अपेक्षितच आहे. हे औषध काम करत असले तरी ताप पूर्ण जायला पाच-सहा दिवस, कधी आठवडा लागतो. ताप कितीवर चढतो, किती वेळ टिकतो आणि मूल मधल्या वेळात खेळते-खाते का, हे लिहून ठेवा. चढण कमी होत असेल तर औषध लागू पडते आहे.

निदान कशावरून झाले ते विचारा. एकच विडाल तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड ठरत नाही. आधीचा संसर्ग किंवा घेतलेली लस यांनीही ती तशी येऊ शकते. खरा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), आणि त्यासाठी रक्त इंजेक्शनच्या पहिल्या डोसआधी काढलेले असावे. नंतर काढले तर जंतू उगवण्याची शक्यता कमी होते. कल्चरमध्ये जंतू सापडला तर कोणते औषध चालेल हेही कळते. सेफ्ट्रायाक्झोनला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरली आहे. त्यामुळे अलीकडे तिकडे प्रवास झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

डोस वजनावर ठरतो. टायफॉइडमध्ये मुलांना दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ८० मि.ग्रॅ. देतात. किलोमागे ७५ धरले तर १८ किलोला १,३५० मि.ग्रॅ. होतात, म्हणजे १ ग्रॅमची एक बाटली पुरत नाही आणि दोन बाटल्या पूर्ण द्यायच्याही नसतात. इथेच मोजमाप चुकते. १ ग्रॅमच्या बाटलीत १० मि.ली. पाणी घातले की पुडीमुळे एकूण द्रावण १० मि.ली.पेक्षा थोडे जास्त होते. ९.६ मि.ली. घातले तर दर मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. असा सरळ हिशेब बसतो, आणि १,३५० मि.ग्रॅ.साठी १३.५ मि.ली. घ्यावे लागते. बारा वर्षांखालच्या मुलाला किलोमागे ५० मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त द्यायचे असेल तर सिरिंजने ढकलत नाहीत. सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात सोडतात.

ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन बंद करा म्हणून आग्रह धरू नका. एकूण उपचार बहुधा १० ते १४ दिवसांचा असतो. त्यातले उरलेले दिवस डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिमसारख्या तोंडाने घ्यायच्या औषधावर नेऊ शकतात. मात्र पोटात अचानक जोरात दुखले, पोट कडक झाले, काळे शौच झाले किंवा मूल गुंगीत गेले, तर सिस्टरना त्याच क्षणी बोलवा. आतड्याला छिद्र पडण्याची किंवा रक्तस्रावाची ती खूण असू शकते.

कालवलेले औषध पिवळे दिसले. खराब झाले होते का? आणि अर्धी बाटली उरली तर फ्रिजमध्ये ठेवता येते का? (वाचक, कात्रज)

फिकट पिवळा ते मधाळ रंग नेहमीचा आहे. रंगापेक्षा गढूळपणा आणि कण पाहा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही. लेबलवरच्या तापमानात आणि उजेडापासून दूर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत नव्हे. घरी उरलेले अर्धे टाकून द्यायचे. त्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नसते आणि बुचाला एकदा सुई लागली की आतले द्रावण निर्जंतुक राहील याची खात्री नसते.

दहा दिवसांच्या कोर्सनंतर सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. आधी नव्हते. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळीही चालू आहे. ऑपरेशन करावे लागेल? (वाचक, औंध)

घाई करू नका. हे औषध पित्तात उतरते आणि तिथल्या कॅल्शियमशी मिळून गाळ तयार करते. सोनोग्राफीत तो अगदी खड्यांसारखा दिसतो. मुलांमध्ये आणि जास्त डोस घेतलेल्यांत हे अधिक आढळते. औषध थांबल्यावर तो गाळ आपोआप विरघळतो, बहुतेकदा काही आठवड्यांत. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनचा कोर्स झाल्याचे सांगा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. उजव्या बरगडीखाली तीव्र दुखणे, उलट्या, ताप किंवा कावीळ असेल तरच तातडीने दाखवा.

तुम्ही वॉरफॅरिनचाही उल्लेख केला आहे. या इंजेक्शनने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) वाढू शकतो, म्हणून कोर्सच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि तो संपल्यावर तपासणी करून घ्या. आणखी दोन लक्षणे कोर्स संपल्यावरही लक्षात ठेवा. दिवसाला तीन-चारहून जास्त पाण्यासारखे जुलाब झाले तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. चेहरा एकदम पांढरा पडला आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी हवी, कारण क्वचित हे औषध तांबड्या पेशी फोडते. अशा त्रासाची नोंद डॉक्टर किंवा तुम्ही स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकता.

गेल्या वर्षी ज्या मेडिकलमधून हे इंजेक्शन सहज मिळाले, तिथे आता चिठ्ठी मागतात आणि वहीत नाव लिहितात. (वाचक, बिबवेवाडी)

आता ते नियमाने वागत आहेत. सेफ्ट्रायाक्झोन चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या एच-वन या सरकारी यादीत आहे आणि ती १ मार्च २०१४ पासून लागू आहे. डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले हे वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही हे औषध ‘नजर ठेवून वापरायच्या’ गटात टाकले आहे, कारण लघवीच्या संसर्गातले कितीतरी जंतू आता त्याला जुमानत नाहीत. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिन सर्वांना मिळावे म्हणून. तेव्हा औषध मिळत नसल्याने माणसे जात होती. आता मिळते, तर ते निकामी होऊ न देणे आपल्या हातात आहे.

जुनी चिठ्ठी दाखवून नवे इंजेक्शन घेऊ नका. आणि इंजेक्शनच्या नावापुढे ‘ओ’ लावलेली गोळी म्हणजे तेच औषध असे धरू नका. मोनोसेफच्या इंजेक्शनमध्ये सेफ्ट्रायाक्झोन असते, पण मोनोसेफ-ओ ही सेफपोडॉक्झिमची गोळी आहे. सेफ्ट्रायाक्झोन तोंडाने घेता येतच नाही, ते आतड्यातून शोषले जात नाही.

कोर्स चालू असताना दारू चालते का? (वाचक, नाव-गाव नको)

सेफोपेराझोनबरोबर आणि त्यानंतर तीन दिवस अजिबात नाही. चेहरा तापणे, उलट्या, धडधड असा जोरदार त्रास होतो. सेफ्ट्रायाक्झोनमध्ये तो धोका फार कमी आहे, पण जंतुसंसर्ग अंगात असताना आम्ही तरी नकोच म्हणू.

घरी वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या? (वाचक, सिंहगड रोड)

घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटात ती सुई जाते. सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, त्यातच सर्वांत जास्त टोचते. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी पलंगाजवळ ठेवा, सुई वापरल्या क्षणी सिरिंजसकट त्यात टाका, आणि बरणी पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून सिस्टरबरोबर त्यांच्या रुग्णालयात पाठवा. काचेच्या बाटल्या आणि उरलेले औषध वेगळ्या पिशवीत, त्यांच्याकडेच. अँटिबायोटिक बेसिनमध्ये ओतू नका.